रांजणातले सिंगूर

मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. पाल, लिफ्ट, गॅसचा वास, रस्ता ओलांडणं, सगळ्याचीच मला धास्ती. बावन्न वर्षांची झाले, अर्धं आयुष्य प्रयोगशाळेत काचेच्या भांड्यांमध्ये गेलं, तरी जोरात दार आपटलं की दचकते. त्यामुळे ऐन मे महिन्यात चंद्रपूर-गडचिरोलीकडे गाळाचे नमुने आणायला कोणी जायचं असा प्रश्न निघाला आणि आमच्या दोन तरुण सहकाऱ्यांना एकाच आठवड्यात घरची लग्नं आठवली, तेव्हा माझं नाव कोणी घेईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. पण सर म्हणाले, "तुम्ही सावकाश काम करता. बाटल्या फोडत नाही." एवढ्या भांडवलावर मी निघाले.

काम काय होतं ते थोडक्यात सांगते. सोफ्याचा फोम, टीव्हीची पाठ, वायरींची आवरणं, बसच्या सीटा, जाड पडदे हे ठिणगी पडताच भडकू नयेत म्हणून त्यांत काही रसायनं मिसळतात. आम्ही त्यांना ज्वालारोधक म्हणतो. हेतू चांगलाच. पण ही रसायनं जागच्या जागी राहत नाहीत. फोम जुना झाला की धुळीबरोबर झडतात. आपण ओल्या फडक्याने धूळ पुसतो, फडकं पिळतो, पाणी मोरीत जातं. मोरीतून गटारात, गटारातून सांडपाण्याच्या प्रकल्पात. तिथे पाणी निवळतं, पण या रसायनांना पाण्यात राहायला आवडत नाही. ती गाळाला चिकटतात. यांतली काही जुनी रसायनं बऱ्याच देशांनी बंद केली आहेत. ती चरबीत साठतात, आईच्या दुधात उतरतात, लहान मुलांच्या वाढीत ढवळाढवळ करत असावीत अशी शंका आहे. प्रकल्पातला हा गाळ पुढे कुठे जातो, ते आम्हाला पाहायचं होतं.

चंद्रपूर

गाडीतून उतरले तेव्हा सकाळचे साडेआठ वाजले होते आणि ऊन पुण्याच्या दुपारसारखं होतं. मुक्कामाच्या लॉजवर एक नवाकोरा सोफा होता, त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नव्हतं. व्यवस्थापक म्हणाले, बसा म्हणून. मी उभीच राहिले. असं करणं हास्यास्पद आहे हे मला कळत होतं, कारण माझ्या स्वतःच्या घरी गेल्या दिवाळीत घेतलेला तीन माणसांचा सोफा आहे आणि त्यावर मी रोज जेवण झालं की लवंडते.

भाड्याच्या गाडीचा चालक विनोद हा जवळच्याच मूल गावचा. तिशीतला, बोलका, गाडीत सतत गाणी लावणारा. माझ्या सामानात काचेच्या तपकिरी बरण्या, अॅल्युमिनियमची पन्नी, स्टीलचे चमचे आणि बर्फाची पेटी बघून त्याने विचारलं, "म्याडम, तुमी सैंपाकाच्या कामाच्या का दवाखान्याच्या?" प्लॅस्टिक मी काहीच आणलं नव्हतं, कारण प्लॅस्टिकमधूनही ही रसायनं नमुन्यात येऊ शकतात. एका बरणीत पुण्याहून शुद्ध पाणी भरून आणलं होतं. ती सगळीकडे सोबत न्यायची, उघडायची, बंद करायची. तिच्यात काही सापडलं तर समजायचं की घाण आपणच आणली. विनोदला हे समजावून सांगितलं तर तो मान डोलावून म्हणाला, "म्हंजे ही बाटली साक्षीदार."

दुपारी त्याने मला वडाभात खायला नेलं. गरम भातावर कुस्करलेले डाळीचे वडे आणि वरून लसणाची फोडणी दिलेलं तेल. आमच्याकडे वडा पावात असतो, भातात तो पाहून मी जरा बिचकले. मग दुसऱ्यांदा मागून घेतला.

सांडपाण्याच्या प्रकल्पावर

हे गाव सिंदेवाहीच्या वाटेवर कुठेतरी आहे, इतकंच सांगते. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण तिथल्या लोकांनी मला लपवाछपवी न करता सगळं दाखवलं आणि त्यांचा दोष इतरांपेक्षा जास्त नव्हता.

गाळ सुकवायचे मोठे चौकोनी वाफे होते. काळा गाळ उन्हाने तडकून त्याच्या लाद्या झाल्या होत्या आणि त्या लाद्यांच्या भेगांतून टोमॅटोची हिरवीगार झाडं उगवली होती. आपण खातो त्या टोमॅटोचं बी कुठल्या कुठल्या वाटेने जाऊन इथे रुजतं, हे सांगायला नको. झाडांना लालबुंद फळं लागली होती. तिथल्या ऑपरेटरने एक तोडलं, पँटला पुसलं आणि माझ्यापुढे धरलं.

"घ्या म्याडम. बजारात असं टमाटर नाई भेटत."

मी हात मागे घेतला. त्याने ते स्वतः खाल्लं. मी बघत राहिले.

"हा सुका गाळ नेतं कोण?" मी विचारलं.

"धानवाले नेतात जी. टॅक्टर घेऊन येतात. फुकटचं खत हाय, कोन सोडते? मागच्या सालपासून जांभूळटोल्याचे डोमाजी भाऊ नेऊन राह्यले. त्याईचं पऱ्हं पाहा तुमी, डोये निवतात." पऱ्हं म्हणजे धानाची, आपल्या भाताची, रोपं वाढवायची जागा.

या भागात दर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्यांमधला गाळ काढून शेतात टाकायची जुनी रीत आहे, आणि ती फार शहाणपणाची आहे. तळं खोल होतं, शेत पोसतं. त्यामुळे काळा, भुसभुशीत, वास नसलेला गाळ दिसला की इथला शेतकरी तो घरी नेणारच. त्यात फसवणूक कोणाचीच नव्हती. मी चार बरण्या भरल्या आणि विनोदला म्हटलं, जांभूळटोल्याला चल.

जांभूळटोला

तीस-पस्तीस घरांची वस्ती, तिन्ही बाजूंनी जंगल. काही ठिकाणी जमीन काळी पडली होती, आठ दिवसांपूर्वी वणवा येऊन गेला होता. जिथे उन्हाळ्यात डोळ्यांसमोर रान जळतं, तिथल्या मातीत मी आग भडकू न देणारी रसायनं शोधायला आले होते. हसू यावं अशी गोष्ट, पण मला आलं नाही.

डोमाजी भाऊ साठीचे, सडपातळ, कमी बोलणारे. थोडी धानाची शेती आणि तळ्यातली मासेमारी यांवर घर चालतं. त्यांची बायको पार्बताबाई माझ्याच वयाची, पण माझ्यासारख्या दोघींना उचलून ठेवेल अशी. धाकटी मुलगी रोशनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. नववा महिना लागलेला, चेहरा सुकलेला, पाय सुजलेले. आरोग्य केंद्रात रक्त कमी आहे म्हणून सांगितलं होतं.

डोमाजी भाऊंनी मला पऱ्ह्याची जागा दाखवली. उरलेल्या गाळाची मूठ घेतली, थोडं पाणी टाकून लाडू वळला, मग बोटांनी फोडला आणि हुंगला. "आमच्या बोडीच्या गाळावानीच हाय," ते म्हणाले. "लाडू होते, अन् दाबला का फुटते. खराब गाळ असा नाई फुटत." अशी परीक्षा त्यांच्या वडिलांनी शिकवलेली. तळ्याच्या गाळासाठी ती चोख होती.

बोडी म्हणजे शेताच्या खालच्या अंगाला बांध घालून केलेलं छोटं तळं. पऱ्ह्यातलं पावसाचं पाणी थेट तिच्यात उतरत होतं. उतार पाहून मी मनातल्या मनात जोडत गेले. मागच्या वर्षीचा गाळ, मागच्या वर्षीचा पाऊस, आणि खाली बोडी.

बोडी बरीच आटली होती. कडेला बेशरमाची झुडपं आणि वाळलेलं उंच गवत. मी चमचा आणि बरणी घेऊन वाकणार, इतक्यात पार्बताबाईंनी माझा दंड धरला.

"एकट्यानं वाकू नका, बाई. वाकलेला माणूस वाघाले जनावर दिसते."

मी झटकन ताठ उभी राहिले. वाघाचा विचार मी चंद्रपूरपासून दाबून ठेवला होता.

"मंग कामं कशी करता तुम्ही?" माझ्याही तोंडून 'मंग'च निघालं.

"एक वाकते, एक उभी राह्यते. तिच्याकडे पाठ करून. मोहफुलं येचतानी, तेंदूपान तोडतानी, असंच. गवत हाललं का वरडाचं. वाघ हाय का डुक्कर हाय थे मंग पाहाचं. पाहत बसली तं मांगची बाई गेली."

त्या माझ्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, कमरेवर हात, पदर खोचलेला. मी चिखलात वाकले. आयुष्यात इतक्या भराभरा मी कधी नमुने घेतले नसतील. दोन बरण्या झाल्या, तिसरी भरत होते आणि पार्बताबाई अशा काही ओरडल्या की माझ्या हातातली बरणी दगडावर आपटून फुटली आणि मी चिखलात सपशेल बसले.

गवतातून एक मोर निघाला, आमच्याकडे तुच्छतेने बघत चालता झाला.

विनोद बांधावर बसून हसत होता. मला रडू येत होतं. पार्बताबाई मात्र जराही ओशाळल्या नाहीत. मला उठवून, माझ्या साडीचा चिखल हाताने निपटत म्हणाल्या, "मोर निंगला तं चांगलंच हाय. वरडल्यानं काय जाते आपलं?" आणि पुन्हा पाठ करून उभ्या राहिल्या.

बाटल्या न फोडणारी बाई म्हणून माझी असलेली कीर्ती अशी जांभूळटोल्यात संपली.

रांजण

नमुन्यासाठी मला बोडीतला एक मासा हवा होता. पार्बताबाई हसल्या आणि मला घरात घेऊन गेल्या. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात मोठा मातीचा रांजण होता. त्यांनी झाकण सरकवलं. आत काळोख, आणि त्या काळोखात काहीतरी हलत होतं. मधूनच एक तोंड पाण्याच्या वर यायचं, मिश्या दिसायच्या, हवा गिळून पुन्हा खाली जायचं.

"सिंगूर," त्या म्हणाल्या. "चिखलातली मासोळी. हवा खाते, म्हणून मरत नाई. बोडी आटाच्या आंधी पकडून ठेवल्या. रोशनीचं बाळंतपन झालं का रोज एक. रक्त भरते, दूध येते."

त्यांनी एक अलगद उचलला आणि कल्ल्यामागचे दोन काटे दाखवले. "याच्यात इख असते. टोचलं तं ताप येते. हे असे मोडाचे." कट्, कट्. "इख कुठी हाय ते माहीत असलं का भेव नाई."

मी तो मासा पन्नीत गुंडाळून बर्फात ठेवला. मला भीती काट्यांची नव्हती. वर्षभर चिखलात राहिलेला, तेलकट मासा. मी शोधत होते ते कुठल्या काट्यात नसतं, ते अंगभर असतं, मोडून टाकता येत नाही. आणि तो मासा रोज एक, अशक्त मुलीला, दूध यावं म्हणून दिला जाणार होता.

माझ्याकडे पुरावा काय होता? एक उतार, एक शंका. मी आंब्याच्या झाडाखाली गेले, टोल्यात रेंज फक्त तिथेच येते, आणि सरांना फोन लावला.

"सर, इथे एक बाळंतपण आहे. मी त्यांना सांगू का, हा मासा सध्या राहू द्या म्हणून?"

"निकाल आलाय का?" सरांनी विचारलं.

"नाही."

"मग काय सांगणार? लोक घाबरतील. आधीच त्या मुलीचं रक्त कमी, त्यात चांगलं अन्न बंद करणार? आणि उद्या काही निघालं नाही तर पुन्हा कोणी आपल्याला नमुने घेऊ देईल? पक्कं कळेपर्यंत तोंड बंद."

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी आजही म्हणू शकत नाही. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं. जे सांगायची भीती वाटत होती ते सांगायला मनाई झाली होती. पण परत येताना मनात आलं, की रोशनीच्या जागी माझी सून असती तर मी सरांना विचारत बसले असते का?

अंधारात जंगलातून परतायला नको म्हणून मुक्काम त्यांच्याकडेच होता. संध्याकाळी लवकर जेवायला बसवलं. भात, लाखोळीचं वरण, अंबाडीची भाजी, आणि सिंगूरचा लालभडक रस्सा. पार्बताबाईंनी मला एकटीलाच मासा वाढला, तोही दोन मोठे तुकडे. मी म्हटलं, तुम्ही घ्या की. "आमी मंग," त्या म्हणाल्या आणि समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतकं लक्ष देऊन कोणी मला जेवताना पाहिलं नव्हतं. मी याला पाहुणचार समजले.

मी नको म्हणू शकले असते. पोट बरं नाही म्हणता आलं असतं. पण मला नको म्हणायचीही भीती वाटते. मी खाल्लं. आणि चव खरंच सुरेख होती, ती नाकारून काय करू? लसूण, सुकं खोबरं आणि मागून चिंचेची आंबट कळ. मी बोटं चाटली आणि मोठ्याने म्हणाले, "फार छान झालाय."

पार्बताबाईंनी रोशनीकडे बघून समाधानाने मान हलवली.

सकाळी चहा देताना त्यांनी विचारलं, "झोप लागली का बाई? पोट बरं हाय नं? मळमळलं नाई, अंगावर काई उठलं नाई?"

"नाही हो," मी म्हटलं, "अगदी मस्त."

रोशनी दारात उभी होती. ती पहिल्यांदाच हसली. मला वाटलं, किती मायेचं घर आहे.

वैनगंगेपलीकडे

पुढचे दोन दिवस गडचिरोलीत. जिथे प्रकल्प नाही, गाळ नाही, अशा तळ्याचा नमुना तुलनेला हवा होता. अहेरीच्या वाटेवर जंगलातलं एक तळं सरांनी नकाशावर हेरून ठेवलं होतं. मैलोन् मैल सागवान, पानं गळालेली, गाडीच्या काचेवर गरम वारा. तळ्याशी पोचलो तेव्हा विनोद न सांगता माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. मी वाकले. कुठे काही हललं नाही. पाणी स्वच्छ होतं, तळ दिसत होता, आणि मला जांभूळटोल्याची बोडी आठवत राहिली.

अहेरीला आठवडी बाजार होता. चारोळी, मोहफुलं, सुकी मासळी, बांबूच्या टोपल्या, एकीकडे गोंडी, दुसरीकडे तेलुगू, मधे आमची मराठी. एका कोपऱ्यात फाटक्या सोफ्यांचा फोम कापून भरलेल्या उशा विकायला होत्या. पिवळट, भुगा होत चाललेला फोम. विकणारा एका उशीवर थाप मारून दाखवत होता आणि थापेसरशी उन्हात धूळ उडत होती. मी नाकाला पदर लावून पळाले. विनोद म्हणाला, "म्याडम, वाघाले नाई भ्याल्या एवढ्या, अन् उशीले भेता?"

मी सुती झबलं आणि टोपडं घेतलं. परतताना माझी गाडी चुकेल म्हणून जांभूळटोल्याला जाणं जमणार नव्हतं. विनोदच्या हाती दिलं आणि म्हटलं, पार्बताबाईंना नेऊन दे. "काई सांगू का?" त्याने विचारलं. दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी म्हटलं, "सांग, तब्येत सांभाळा."

घरी

पुण्याला आल्यावर पहिले काही दिवस मी सोफ्यावर बसले नाही. मग बसायला लागले. माणूस किती दिवस जमिनीवर बसणार? पण फडकं पिळताना हात थांबतो. ते काळं पाणी मोरीतून जाताना मी बघत राहते. ज्यांच्या घरात बसायला खुर्ची नाही, त्यांच्या बोडीत आमचे सोफे जाऊन पोचले असतील का, असं मनात येतं.

निकाल यायला कित्येक आठवडे लागले. प्रकल्पाच्या गाळात ज्वालारोधक सापडलं. पऱ्ह्याच्या मातीत सापडलं. बोडीच्या चिखलात कमी, पण सापडलं. आणि सिंगूरमध्ये चिखलापेक्षा पुष्कळ जास्त. जंगलातल्या तळ्यात जवळजवळ नव्हतंच. साक्षीदार बाटली स्वच्छ होती. त्या आकड्यांचा नेमका अर्थ काय, किती खाल्लं तर किती धोका, यावर सर अजून दोन ठिकाणी पत्रं लिहीत आहेत. मी त्यांना विचारलं नाही. बाहेर जिन्यात जाऊन डोमाजी भाऊंचा नंबर लावला.

फोन पार्बताबाईंनी घेतला. मागे बाळ रडत होतं.

"बाई! पोरगी झाली जी. तुमचं टोपडं तिले लय शोभते. रोशनी बी सुधारली, दूध चांगलं हाय. रोज सिंगूर देऊन राह्यली, आता रांजणात थोड्याच उरल्या."

"पार्बताबाई, ते मासे आता देऊ नका. निकाल आला. त्यांच्यात दोष आहे. गाळातून आलाय."



"पन तुमी तं खाल्ल्या होत्या."

"हो."

"आमच्यात बाळंतिणीले काई चारायचं असलं तं आंधी वडीलधारी बाई खाऊन पाह्यते. रातभर थांबते. माई सासू गेली, घरात मोठी कोनी नाई. मी म्हनलं, बाई शिकलेली, तपासनीचंच काम करते, हिच्याहून चांगली पारख कोनाची? म्हनून तुमाले वाढलं. सकाळी इचारलं, तं तुमी म्हनल्या, मस्त."

त्यांचं ते एकटक बघणं, रोशनीचं दारातलं हसणं, माझी चाटलेली बोटं, सगळं एकदम अंगावर आलं. मी जिन्यातच खाली बसले.

"हे एका रात्रीत कळत नाही, पार्बताबाई."

"मंग कवा कळते?"

"खूप वर्षांनी. कदाचित कळणारही नाही, कशामुळे झालं ते. कदाचित काही होणारही नाही."

"दूध? दूध पाजू का नोको पाजू, तेवढं सांगा."

"पाजा," मी म्हटलं. "दूध अजिबात थांबवू नका. त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. फक्त मासे बंद करा, आणि तो प्रकल्पाचा गाळ पुन्हा शेतात आणू नका." हे मी वाचून, चार जाणत्यांना विचारून ठेवलं होतं. ते बरोबर आहे.

त्यांनी फोन बाजूला ठेवून डोमाजी भाऊंना हाक मारली. रांजणाचं झाकण सरकल्याचा खरखरीत आवाज मला ओळखू आला. मग त्या पुन्हा फोनवर आल्या. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर सोपं गेलं असतं.

"बाई, एक इचारू? तुमाले हे आज समजलं, का तवाच काई वाटलं होतं?"

मला खोटं बोलता आलं असतं. फोनवर तोंड दिसत नाही.

"तेव्हाच वाटलं होतं. पण पक्कं नव्हतं."

"हाव," त्या म्हणाल्या. "बोडीवर तुमी वाकल्या होत्या, तवा मी मांगं उभी होती. गवत हाललं. मले बी पक्कं नोयतं."

बाळ पुन्हा रडायला लागलं, त्या म्हणाल्या ठेवते, आणि फोन बंद झाला.

तेव्हापासून लोक विचारतात, जंगलात गेला होता, वाघ दिसला का? मी नाही म्हणते. गवत हललेलं मात्र मला दिसलं होतं, आणि माझ्यापुढे रोशनी वाकलेली होती. मी ओरडले नाही.